पाणी न लागणारी फुलं

भावेशने पाठीवरचा पंप ओट्यावर उतरवला आणि औषधाच्या बाटलीचं झाकण दातांत धरून उघडायला गेला, तेवढ्यात ठमाबाईने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"तोंडाला लावतंस? जहर हाय त्ये."

"फिरतच नाय झाकण," तो म्हणाला, आणि बाटली बनियनच्या टोकात धरून पुन्हा पिळू लागला.

पंप त्याने कोपर स्टेशनाजवळच्या एका झाडंवाल्याकडून मागून आणला होता. जो माणूस दिवसभर गुलाबाची रोपं विकतो त्याच्याकडेच रान जाळायचा पंपही असतो, धंदा म्हटला की दोन्ही आलं. औषध मारल्यावर पानं दोन-तीन दिवस हिरवीच दिसतात, पण मूळ आतून जळत जातं आणि पुन्हा कधी फुटत नाही, असं त्याने भावेशला समजावलं होतं. आज औषध मारायचं, शनिवारी कोयता घालायचा, म्हणजे रविवारी माणसं यायच्या आत जागा साफ. रविवारी निशाचं वर्षश्राद्ध होतं. निशा भावेशची बायको. तिची आई आवडाबाई तयारीला हातभार म्हणून आजच विठ्ठलवाडीहून यायची होती.

"रविवार होऊंदे," ठमाबाई म्हणाली. "मंग काय करायचंय ते कर."

"रविवारीच सगळे येनार ना? येतील आनि तिथंच बघत बसतील. परत तेच बोलनं. नको, आये."

ठमाबाईने घराच्या मागे बघितलं. तिथे पूर्वी त्यांचं भाताचं एक खाचर होतं आणि त्यापलीकडे खाडी. आता खाडी तेवढी उरली होती. खाचर भरावाखाली गेलं होतं. कुठल्या कुठल्या पाडलेल्या इमारतींचं डबर, विटा, फरशीचे तुकडे आणून कुणीतरी ते रातोरात भरलं आणि भाव आला की विकू म्हणून भावेशनेही ते तसंच राहू दिलं. त्या डबरावर आज ऑक्टोबरच्या उन्हात कुर्डूचे गुलाबी तुरे उभे होते. एकदांडीची पिवळी-पांढरी फुलं दगडांच्या फटीफटीतून वर आली होती. रानतुळस होती, कोरांटी होती, कडेला रुईची दोन मोठी झाडं, आणि त्यांच्या जांभळ्या फुलांवर काळे भुंगे जाड आवाजात फिरत होते. चार महिने पाऊस पिऊन माजलेलं बाकीचं गवत केव्हाच पिवळं पडलं होतं. हे मात्र आत्ता कुठे रंगात आलं होतं.

हे सगळं निशाने लावलं होतं, आणि लावलं होतं तेही ठमाबाईच्या शिराळ्यांसाठी.

ठमाबाईचा शिराळीचा वेल मागच्या मांडवावर दरवर्षी चढायचा. संध्याकाळी पिवळी फुलं उमलायची, बोटाएवढी शिराळी धरायची आणि चार दिवसांत पिवळी पडून गळून जायची. ठमाबाईने शेण घातलं, ताक घातलं, दृष्टही काढली. नवीन लग्न होऊन आलेली निशा एका संध्याकाळी मांडवाखाली बराच वेळ नुसती उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "आई, फुलांवर एक माशी येत नाही. फळ धरणार कसं?"

"मंग माशीला काय आवतान धाडू?"

"धाडायचंच," निशा हसून म्हणाली होती. "फुलं लावू. भरपूर. त्यांच्यामागे येतील."

ठमाबाईने तेव्हा साफ सांगितलं होतं की फुलांसाठी या घरातलं तांब्याभरही पाणी मिळणार नाही. त्यात दुष्टपणा नव्हता, तिच्या सासूची शिकवण होती. सासूचं आयुष्य मिठागरात गेलं. सगळीकडे पाणी आणि तोंडात घालायला थेंब नाही, अशी ती जागा. गोडं पाणी होडीतून यायचं, कधी यायचं, कधी नाही. म्हणून त्या बायकांचा नियम होता: नवं पाणी भरल्याबिगर जुनं सांडायचं नाही. पिंपाच्या तळाला वीतभर जुनं पाणी ठेवायचं आणि त्यावरच नवं ओतायचं. रिकामा पिंप म्हणजे अवदसा. घरात नळ येऊन किती वर्षं झाली तरी ठमाबाईचा मागल्या पडवीतला निळा पिंप कधी कोरडा पडला नव्हता. आठवड्यातून एक दिवस पाणीकपात असली की ती शेजारणींना ऐकवायची, बघा, म्हाताऱ्या शहाण्या होत्या.

"बरं," निशा म्हणाली होती, "मग पाणी न लागणारी फुलं लावते."

आणि ती रुळांच्या कडेने फिरून, पडक्या कंपाउंडांत शिरून, रुमालात बिया बांधून आणायची. लोक शेतातलं रान उपटतात, ठमाबाईची सून रान पेरते, म्हणून आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी भुंगे आले, बारक्या माश्या आल्या, फुलपाखरं आली. त्या वर्षी मांडवाला एवढी शिराळी लागली की ठमाबाईने हसणाऱ्या प्रत्येक बाईच्या घरी मुद्दाम दोन-दोन नेऊन दिली.

त्याच वर्षी निशाला ताप आला. आधी साधा वाटला. मग डेंग्यू निघाला, मग रक्तातल्या पेशी उतरत गेल्या, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत निशा गेली. एकोणतीस वर्षांची होती.

दवाखान्यातून घरी आणली तेव्हा अंगणात कुणीतरी विचारलं, एवढे मच्छर आले कुठून? भावेश म्हणाला, "त्या रानातून." बस्स. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? महिन्याभरात सगळ्या गावाला ठाऊक झालं की ठमाबाईच्या सुनेने स्वतःच्या हाताने मरण पेरलं. हौसेला मोल नसतं, पण एवढं मोल? पोरगी चांगली होती हो, पण अतिशहाणी. ठमाबाईने हे सगळं ऐकलं, आणि तिलाही ते खरंच वाटत होतं. काही सकाळी ती ओट्यावर उभी राहून त्या फुलांना तोंडाला येईल ते बोलायची. पण उपटायला हात मात्र कधी गेला नाही. निशाच्या हाताचं दुसरं काही राहिलं नव्हतं. साड्या माहेरी गेल्या होत्या.

भावेशने शेवटी झाकण उघडलं, वास घेऊन तोंड वाकडं केलं, आणि तोंडाला बांधायला मास्क आणतो म्हणून तो नाक्यावर गेला.

तो गेल्यावर थोड्या वेळाने महापालिकेच्या मलेरिया विभागाची करिश्मा आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. ती दर काही आठवड्यांनी यायची, पाण्याची भांडी बघायची, दारावर खडूने तारीख लिहायची आणि जायची. ठमाबाईने तिला बसायला सांगितलं. ती न बसता थेट मागल्या पडवीत गेली आणि परत आली.

"टाकीला झाकण लावता ना रोज? गुड. तो पिंप परत नाही ना आणला?"

"कंचा पिंप?"

"तो निळा, मावशी. गेल्या वर्षीचा."

"त्यो फुटला," ठमाबाई म्हणाली. "गलायला लागलेला. भावेशनं भंगारात दिला."

करिश्मा खडू शोधत होती. "फुटला की नाही माहीत नाही, पण गेला ते बरं झालं. अळ्यांनी नुसता वळवळत होता तळाला. मी भावेशदादाला टॉर्च मारून दाखवलेलं ना, वहिनी ॲडमिट होत्या तेव्हा. ते बिचारे बघूनच खाली बसले."

ठमाबाईने मागच्या बाजूला हात केला.

"मच्छर तं त्या रानान व्हते."

"तिकडे?" करिश्माने मान वळवून फुलांकडे पाहिलं. "तिकडे पाणी कुठेय, मावशी? मी तेव्हाच सगळं फिरून बघितलेलं, एक करवंटीसुद्धा नव्हती. डेंग्यूवाला मच्छर साठवलेल्या पाण्यात होतो, चांगल्या, पिण्याच्या. म्हणून तर आम्ही बोंबलत फिरतो, आठवड्याला पिंप पूर्ण रिकामा करा, घासा, सुकवा. लोक ऐकत नाहीत." तिने दाराच्या चौकटीवर तारीख लिहिली. "येते हां."

तिला घाई होती, पुढची घरं होती. आपण काय बोलून गेलो हे तिच्या गावीही नव्हतं.

भावेश मास्क लावूनच परत आला. ठमाबाई ओट्याच्या पायरीवर बसली होती. तो पंपात पाणी ओतू लागला.

"पिंप फुटला नव्हता," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. पाण्याची धार पंपाच्या तोंडावरून बाहेर सांडली. त्याने बादली खाली ठेवली आणि मास्क हनुवटीवर ओढला.

"कोन बोललं?"

"तुना ठाव व्हतं."

"आये, आता त्याचं काय हाय?"

"तुना वरीसभर ठाव व्हतं. आनि तू गावाला रान सांगतलंस."

भावेश तिच्या शेजारी बसला नाही. उभ्यानेच, पंपाच्या पट्ट्याशी चाळा करत बोलला. आवाज चढला नव्हता.

"काय सांगनार होतो? अंगनात ती अशी ठेवलेली, सगळे बघतायत, आनि मी बोलू की माझ्या आयेच्या पिंपातनं आले? तिच्याच पायाशी बसलेली तू. तोंडातनं रान आलं. नंतर तेच चालू झालं. मी काय गावात जाऊन जाऊन सांगितलं नाय."

"तिचं नाव गेलं, भावेश."

"ती गेली, आये. नाव घेऊन काय करनार ती? तू हायस. तुला ह्याच आळीत राहायचंय." त्याने नाक पुसलं. "रोज सकाळी उठतो, दार उघडतो, आनि ते फुललेलं दिसतं. दरवर्षी फुलनार ते. मला नाय बघवत. मी तिच्यावर खोटं घातलं ना, ते बघवत नाय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बायकोचा जीव ज्या पाण्याने घेतला त्याच्यावर आईचं नाव होतं, आणि त्याने ते नाव झाकायला दुसरीचं पुढे केलं; ती बोलायला येणार नव्हती. त्याने मास्क वर चढवला, पंप पाठीला मारला आणि भरावावर उतरला.

ठमाबाईने त्याला हाक मारायला हवी होती. एका हाकेचं काम होतं. दांडा दाबल्याचा कचकच आवाज येत होता, मध्येच फवाऱ्याचा, मध्येच बूट विटेवर घसरल्याचा. ती बसून राहिली. पाय उचलत नव्हते हे खरं. पण त्याहून खरं हे की त्या आवाजाने तिला थोडं बरं वाटत होतं. रान जाईल. रविवार होईल. लोकांना विषय राहणार नाही. पोराने एवढं झाकलंय, ते झाकलेलं राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिची सासूच म्हणायची. सासू बरंच काही म्हणायची. ते आठवलं आणि ठमाबाईला आपल्या अंगाची किळस आली, तरी ती उठली नाही.

भावेशने कुर्डू भिजवला, रानतुळस भिजवली, रुईच्या पानांवरून पाणी टपटपेपर्यंत मारलं. भुंगे बाजूला उडाले आणि तो पुढे सरकला की परत येऊन बसले. पंप संपला तेव्हा सगळं पूर्वीपेक्षा जास्त टवटवीत दिसत होतं, सकाळी कुणी पाणी शिंपावं तसं.

आवडाबाई आल्या तेव्हा तो मोरीत हातपाय धूत होता. साठीच्या आतबाहेरची बाई, पण वर्षात पार वाळून गेली होती. हातात पिशवी, पिशवीत रविवारसाठी तांदळाचं पीठ आणि निशाचा फ्रेम केलेला फोटो. ठमाबाईने त्यांना ओट्यावर सतरंजी टाकून दिली, पाण्याचा पेला हातात दिला. दोघी विहिणी समोरासमोर बसल्या. गाडीला गर्दी होती का, ऊन किती, पुरणाला डाळ किती भिजवायची, असं बोलणं झालं. आवडाबाईंचा पेला हातातच होता. त्यांची नजर ठमाबाईच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच अडकली.

"हेच ते?" त्यांनी विचारलं.

ठमाबाईने मान हलवली.

"लई फुललंय."

"व्हय."

"गेल्या बारीला मी बघितलंच नाय. कायच बघितलं नाय." आवडाबाईंनी पेला मांडीवर टेकवला. "विहीनबाय, एक बोलायचं व्हतं. फोनवर जमत नाय. रविवारी मानसांत जमायचं नाय, म्हनून आज आली."

"बोला की."

आवडाबाईंनी पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. जोडलेले हात कपाळाला लावले.

"माज्या पोरीनं तुमच्या घरान रान आनलं. लोक बोलतात त्ये ऐकलंय मी. तुमचा पोरगा उघडा पडला, तुमचं घर बसलं. पोर अडानी नव्हती, पन तिला कलला नाय. तिच्या वतीनं मी माफी मागतंय. पोटात घाला."

मोरीतला पाण्याचा आवाज बंद झाला. भावेश खांद्यावर टॉवेल घेऊन दारात आला होता. त्याने ऐकलं होतं. तो आईकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात गप्प राहण्याचं स्पष्ट सांगणं होतं.

"आये," तो म्हणाला, "चाय ठेव. मामी दमल्यात."

ठमाबाईने हात पुढे केले, आवडाबाईंचे जोडलेले हात धरले आणि ओढून वेगळे केले. जरा जोरातच ओढले. आवडाबाई दचकल्या.

"हात जोडू नका. मना हात जोडू नका, विहीनबाय."

"आये!"

"तू गप." तिने त्याच्याकडे बघितलं नाही. "रानान मच्छर नव्हता. पानी माज्या पिंपातला व्हता. मी कदी रिकामा केला नाय, कुनाला करू पन दिला नाय. निशा एकदा घासायला बसलेली, मी तिच्या हातातून काथा काढून घेतला. तुमची पोर माज्या पान्यानं गेली. रान सांगतला त्यो खोटा."

आवडाबाईंनी एकदा भावेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, आणि तेवढं पुरेसं झालं. रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मग त्यांनी पेला उचलला, आणि न पिता ठमाबाईच्या बाजूला सरकवला.

"वरीसभर मी मान खाली घालून चालली," त्या म्हणाल्या. "आमच्या चालीन शेजारनी पन बोलतात, हिची पोर हौसंपायी मेली. मी पन बोलली. देवासमोर बसून मी तिला शिव्या घातल्या." त्यांनी ठमाबाईकडे पाहिलं. "मना एकटीला सांगून भागंल काय?"

"नाय."

"रविवारी सगले बसतील. ताटं वाढायच्या आधी सांगा. तवर मी ह्या घरचा पानी घ्यायची नाय."

"सांगते," ठमाबाई म्हणाली.

आवडाबाई भिंतीला धरून उठल्या. वाटलं, पिशवी घेऊन निघतील. पण त्या ओट्याच्या पायऱ्या उतरून मागे वळल्या, चपला न घालताच, आणि भरावाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. ऊन कलायला लागलं होतं. समोर कुर्डूचे तुरे हलत होते, रुईवर भुंगे होते, आणि एकदांडीच्या प्रत्येक फुलावर काहीतरी बारीक बसत होतं, उठत होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि बघत राहिल्या. लेकीने लावलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"कवरं लावलंय गं, बाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि मग वळून, जरा मोठ्याने, "फोटोला ह्यातलीच फुलं घालू. बाजारातली नको. आनि बी धरला असंल तं मी नेते. आमच्या दारान मोकली जागा हाय."

त्यांनी वाकून कुर्डूच्या तुऱ्याला हात घातला.

"मामी," भावेश दारातून म्हणाला. तो अनवाणीच धावत खाली आला आणि त्याने त्यांचं मनगट धरलं. "हात नका लावू, मामी."

"का रे?"

तुरा ओला होता. आवडाबाईंनी बोटं वर करून पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"औषध मारलंय," तो म्हणाला. "सगळ्याला."

"कवा?"

"आत्ता. तुम्ही यायच्या थोडं आधी."